वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा थकवा: कारण कसं ओळखायचं, ताकद कशी परत आणायची

रानवारा
स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) किंवा बायपास (जठराची लहान पिशवी करून आतड्याची सुरुवात वगळणं) झालेल्यांची एक तक्रार हमखास असते. वजन उतरतंय, गुडघे दुखायचे थांबलेत, पण अंगात त्राण म्हणून नाही. मग कुणी टॉनिक सुचवतं, कुणी ग्लुकोजचं पाणी, कुणी "आराम करा". माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: थकवा सुरू कधी झाला? तिसऱ्या आठवड्यातला थकवा आणि तिसऱ्या वर्षातला थकवा हे दोन निराळे आजार समजून चालावं. कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या, उपायही वेगळे.

ढोबळ अंदाज असा. पहिले सहा आठवडे: पाणी कमी पडणं, एकूणच खाणं अगदी थोडं असणं, आणि आधीच्या वजनाला बेतलेली जुनी औषधं. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात प्रथिनं आणि स्नायूंची झीज, सतत उलट्या होत असतील तर थायमिन (बी१ जीवनसत्त्व) कमी पडणं. पुढे लोह, आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये ते बरंच आधी. वर्ष उलटल्यावर बी१२, जेवणानंतर साखर एकदम पडणं, क्वचित तांब्याची कमतरता.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल आधी लिहितो. या काळात दिवसाला जेमतेम ४०० ते ८०० कॅलरी पोटात जातात. शरीर साठवलेली चरबी जाळून गरज भागवत असतं, त्यामुळे थोडी गळाल्याची भावना राहणारच. तिला घाबरू नये. पण तिच्या आड पाण्याची कमतरता लपते. लक्ष्य दिवसाला किमान १.५ लिटर. एका दमात ग्लासभर पाणी आता शक्य नाही, म्हणून हिशेब तासाचा करा. १५ तास जागे असाल तर तासाला १०० मिली, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी २५ मिली, दोन लहान घोट. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो मापाचा कप इथे फार उपयोगी पडतो. जेवताना पाणी नको आणि जेवल्यावर अर्धा तास नको, त्यामुळे ते तास हिशेबातून वजा होतात. दुपारपर्यंत निम्मं पाणी गेलं नसेल तर रात्री ते भरून काढता येत नाही. लघवी गडद पिवळी, तोंड कोरडं, उठताना गरगरणं, डोकं दुखणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं.

एक गोष्ट थकव्यात मोजू नका. पहिल्या काही आठवड्यांत बसल्याजागी नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, अचानक धाप, एका पायाला सूज, यातलं काहीही दिसलं तर इथे प्रश्न विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. टाक्यातून गळती किंवा रक्ताची गुठळी असू शकते.

मृण्मय_
चांगला धागा. जुन्या औषधांचा मुद्दा थोडा सोडवून सांगतो, कारण पहिल्या दोन महिन्यांत हेच कारण सर्वात जास्त निसटतं.

वजन आणि खाणं दोन्ही घटलं की रक्तदाबही उतरतो, पण गोळी मात्र जुन्याच डोसाची चालू राहते. त्यात लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर पाणी आणखी कमी. घरी तपासायची पद्धत: पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती नोंद घेऊन डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. बीटा ब्लॉकर गटातली गोळी नाडी संथ ठेवते, तीही दमल्यासारखं करते. पण ती मनाने एकदम बंद करायची नाही, डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.

मधुमेहाच्या औषधांत इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या साखर खाली ओढतात, म्हणून त्यांचा डोस बहुतेक वेळा घरी सोडतानाच कमी केला जातो. तसा केला आहे ना, हे कागदावर पाहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. खाणं अगदी कमी असताना त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि गंमत नव्हे, खरंच सांगतो, साखरेचा आकडा तेव्हा जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. मळमळ, उलट्या, खोल आणि जलद श्वास, प्रचंड थकवा असं एकत्र दिसलं तर कीटोन तपासायला सांगा.

अक्षता_के
प्रथिनांवर लिहिते. रोजचं लक्ष्य ६० ग्रॅमच्या खाली नको. वरची मर्यादा काढताना उंचीनुसार जे आदर्श वजन असायला हवं त्याच्या दर किलोला १.५ ग्रॅम धरतात. आत्ताच्या वजनाने गुणाकार केला तर आकडा न झेपणारा येतो.

"भरपूर प्रथिनं खा" म्हणून भागत नाही, कारण पोटात जागाच नसते. अन्न घट्ट झाल्यावरचा एक दिवस आकड्यांत असा बसतो. सकाळी एक अंडं ६ ग्रॅम आणि पाणी काढलेलं घट्ट दही १०० ग्रॅम, त्यातून साधारण ९. साडेदहाला २०० मिली साय काढलेल्या दुधात २० ग्रॅम दूध पावडर मिसळून, मिळून १४ च्या आसपास. दुपारी शिजवलेले मासे किंवा चिकन ६० ग्रॅम, सुमारे १५. संध्याकाळी व्हेचा (दुधापासूनची प्रथिन पावडर) एक डोस, २० ग्रॅम. रात्री शिजलेलं कडधान्य १०० ग्रॅम, ८. बेरीज ७२. व्हे सोडून यातलं एक जरी गळलं तरी ६० च्या जवळ राहता येतं.

ताटात आधी प्रथिनं संपवायची, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर. घास नखाएवढा, आणि चावून तोंडात पातळ झाल्याशिवाय गिळायचा नाही. कोरडं चिकन अडकतं आणि मग माणूस ते खाणंच सोडतो. ते रश्शात शिजवून बारीक केलं की उतरतं.

पावडर घेताना दोन गोष्टी बघा. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना दुधातली साखर पचेनाशी होते, पोट फुगतं, जुलाब होतात. त्यांनी व्हे आयसोलेट घ्यावं, त्यात ती साखर नगण्य असते. आणि कोलेजन पावडरचे ग्रॅम या बेरजेत धरू नका. कोलेजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे स्नायू राखायला ते एकटं पुरत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत २० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि लोक फसतात.

समीर_प
मल्टिव्हिटॅमिन एकही दिवस न चुकवता घेऊनसुद्धा वर्षभरात हिमोग्लोबिन घसरतं ते कशामुळे? आणि गमीच्या (चघळायच्या, जेलीसारख्या) गोळ्या चालतात का?

उत्तरा
समीर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: गमीमध्ये बहुधा लोह नसतंच, आणि थायमिनही अनेकदा नसतं. ज्या दोन गोष्टी सर्वात आधी हव्यात त्याच गायब. गमी नको.

पहिला प्रश्न मोठा आहे. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि बायपासमध्ये अन्नाचा रस्ता नेमका तोच भाग वगळून जातो. शिवाय लोह विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. बायपासच्या नव्या पिशवीत ते जवळपास नसतं, स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढल्याने कमी होतं, आणि वर आम्ल कमी करणारी गोळी चालू असते. म्हणून साध्या मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह पुरत नाही. स्लीव्ह किंवा बायपासनंतर, आणि पाळी येणाऱ्या सर्व स्त्रियांना, सगळ्या गोळ्यांतलं मिळून दिवसाला ४५ ते ६० मिग्रॅ मूळ लोह सुचवतात.

'मूळ लोह' म्हणजे गोळीचं वजन नव्हे. पाकिटावर फेरस सल्फेट ३२५ मिग्रॅ असेल तर लोह ६५ मिग्रॅ. फेरस फ्युमरेट ३२५ मध्ये सुमारे १०६. फेरस ग्लुकोनेट ३२५ मध्ये जेमतेम ३६ ते ३८. तीनही पाकिटांवर आकडा एकच आणि पोटात जाणारं लोह तिप्पट कमीजास्त. बारीक अक्षरातली ओळ वाचाच.

पोटाला त्रास नको म्हणून आवरण असलेली किंवा हळूहळू विरघळणारी लोहाची गोळी दिली जाते. बायपास झालेल्याला ती जवळजवळ वाया जाते, कारण ती विरघळेपर्यंत उरलासुरला शोषणाचा भाग मागे पडलेला असतो.

तपासणीत नुसतं हिमोग्लोबिन बघू नका. ते सर्वात शेवटी घसरतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ३० च्या खाली गेलं की हिमोग्लोबिन ठीक असतानाही दम लागणं, पाय जड होणं, लक्ष न लागणं सुरू होऊ शकतं. उलट अंगात कुठे दाह असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) करा. ते २० टक्क्यांखाली असेल तर फेरिटिन चांगलं दिसलं तरी लोह कमी आहे असं समजून पुढचा तपास करतात.

आणखी एक वाट: गळती. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जोडाच्या जागी व्रण होतो आणि थेंबथेंब रक्त जात राहतं. धूम्रपानानेही होतो. लोहाच्या गोळीने शौच काळपट होतं हे खरं, पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते गोळीचं नाही.

केतकी_
उत्तरा यांच्या प्रतिसादाला जोडून, गोळ्यांच्या वेळा. बहुतेक वेळा डोस बरोबर असतो आणि वेळ चुकलेली असते. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तास. थायरॉइडची गोळी आणि या दोघांत किमान चार तास. चहा-कॉफी लोहाच्या आगेमागे तासभर तरी नको.

सगळं एका दिवसात बसवायचं तर: सकाळी ६ वाजता उपाशीपोटी थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. साडेदहाला लोह आणि मल्टिव्हिटॅमिन एकत्र, सोबत क जीवनसत्त्व. दुपारी १ वाजता कॅल्शियम सायट्रेट, त्यातून ५०० मिग्रॅ कॅल्शियम. साडेचारला दुसरा डोस, आणि लागलाच तर रात्री ८ ला तिसरा. एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅच्या वरचं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून ही विभागणी. आहारातलं धरून एकूण १२०० ते १५०० मिग्रॅ. कार्बोनेट स्वस्त असतं पण त्याला आम्ल लागतं, म्हणून सायट्रेट बरं. ड जीवनसत्त्व रोज ३००० युनिट हा सुरुवातीचा नेहमीचा डोस, जेवणाबरोबर.

अक्षता, तुमच्या तक्त्यातलं साडेदहाचं दूध इथे लोहाला आडवं येतं. ते साडेचारला सरकवलं आणि व्हे सकाळच्या न्याहारीत घेतलं तर बेरीज तीच राहते.

अक्षता_के
बरोबर. दूध साडेचारला हलवणंच योग्य. फक्त व्हे आणि दही-अंडं एका बैठकीत मावणार नाही. व्हे उठल्यावर तासाभराने, थायरॉइडची गोळी असेल तर निदान इतकं अंतर ठेवून, आणि न्याहारी त्यानंतर दीड तासाने.

रानवारा
थायमिनवर स्वतंत्र लिहायलाच हवं. बी१ चा शरीरातला साठा जेमतेम २५ ते ३० मिग्रॅ, खाणं थांबलं तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणून रोज उलट्या होणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकाएकी गळून जातो. पुढची लक्षणं: पायांत मुंग्या आणि अशक्तपणा, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ. यातलं पहिलं दिसताच त्याच दिवशी शिरेतून थायमिन लागतं, उशीर झाला तर स्मृती कायमची बिघडू शकते.

घरच्यांनी एक लक्षात ठेवा. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन आधी चढवलं तर उरलंसुरलं थायमिन वापरलं जातं आणि स्थिती बिघडू शकते. आणीबाणीच्या खोलीत पहिलं वाक्य हेच बोला: "वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस उलट्या आहेत, थायमिन आधी द्या." तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं माहीत नसेल तर उलट्यांचं कारण ते भलतीकडेच शोधत बसतील.

रोजचा डोस किमान १२ मिग्रॅ, शक्यतो बी कॉम्प्लेक्समधून ५० मिग्रॅ.

तिन्हीसांज
बायपासला दीड-दोन वर्षं झाल्यावर जेवणानंतर दोन तासांनी हात थरथरणं, घाम, एकदम झोप येणं, हे डंपिंगच का? सुरुवातीच्या डंपिंगपेक्षा वेगळं वाटतं.

मृण्मय_
वेगळंच आहे. सुरुवातीचं डंपिंग खाल्ल्यावर १० मिनिटं ते तासाभरात येतं: गोड, दाट अन्न आतड्यात वेगाने उतरतं, पाणी तिकडे ओढलं जातं, पोटात कळ, धडधड, जुलाब. तुम्ही म्हणता ते १ ते ३ तासांनी येतं आणि बहुधा वर्ष उलटल्यावर सुरू होतं. साखर झटकन शोषली जाते, त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि साखर खाली कोसळते.

खात्री करायला त्या क्षणी बोटाचं रक्त घेऊन साखर मोजा आणि काय, किती, किती वाजता खाल्लं ते लिहा. ५४ च्या खालचा आकडा लक्षणांसह मिळाला आणि साखर घेतल्यावर लक्षणं गेली तर निदान जवळजवळ झालं. साखरेचं पाणी पाजून करायची ग्लुकोज टॉलरन्स तपासणी मात्र बायपासनंतर टाळतात, तीच डंपिंग घडवते. गर्भवती स्त्रियांनी हे आधीच सांगून ठेवावं.

त्या वेळी उपाय १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं, आणि साखर वर आली की थोडं प्रथिन. लोक इथे चुकतात ते असं: घाबरून मिठाई किंवा ग्लासभर रस घेतात, साखर उसळते, पुन्हा इन्सुलिन, पुन्हा घसरण, आणि दिवसभर हा झोका चालू राहतो. मग म्हणतात अंगात शक्ती नाही. मूळ इलाज जेवणात आहे. एका बैठकीत कर्बोदकं ३० ग्रॅमपर्यंत, तीही प्रथिनांनंतर, पातळ आणि गोड काही नाही. इतक्याने थांबलं नाही तर डॉक्टर अकार्बोज (कर्बोदकांचं पचन मंदावणारी गोळी) देऊन पाहतात. असे झटके येत असताना गाडी चालवू नका.

केतकी_
झोपेचा मुद्दा राहिला. घोरण्यासाठी आणि श्वास अडकण्यासाठी सीपॅप यंत्र असेल तर वजन उतरताना जुना दाब जास्त ठरतो. मास्कच्या कडेने हवा सुटते, पोटात हवा भरते, झोप मोडते. चेहरा बारीक झाल्यावर मास्कचं मापही बदलतं. यंत्र कपाटात टाकू नका, दाब नव्याने ठरवून घ्या. बंद करायचं की नाही ते पुन्हा झोपेची तपासणी झाल्यावरच.

उत्तरा
व्यायामावर कुणी लिहिलं नाही. थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणं क्रूर वाटतं, पण वेगाने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की जिना चढणंही जड होतं. नुसतं चालून ते राखले जात नाहीत.

चालणं पहिल्या दिवसापासून, पाच-पाच मिनिटं अनेकदा. वजन उचलणं सहसा ४ ते ६ आठवडे बंद असतं. शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी: हात छातीवर बांधून खुर्चीतून उठणं-बसणं ८ ते १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड तितकेच, रबरी पट्टा कोपर मागे नेत ओढणं. दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा कठीण जायला हव्यात, सहज बाराव्यापर्यंत गेलात की पट्टा जाड घ्या. चालणं हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांवर न्यायचं, पुढे ३०० पर्यंत. उपाशीपोटी आणि पाण्याशिवाय व्यायाम नको.

हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठताच येत नसेल, मांड्या आणि खांदे कमजोर वाटत असतील, तर फक्त व्यायाम वाढवून उपयोग नाही. ड जीवनसत्त्व तपासा.

समीर_प
बी१२ चं इंजेक्शन घेऊनही पायातल्या मुंग्या आणि थकवा जात नाहीत, तर पुढे काय तपासायचं?

उत्तरा
तांबं. तांब्याची कमतरता हुबेहूब बी१२ सारखी दिसते: रक्तक्षय, पांढऱ्या पेशी कमी, पायांत मुंग्या, तोल जाणं. केस गळतात म्हणून लोक जस्ताच्या वेगळ्या गोळ्या घेतात, आणि जास्तीचं जस्त तांब्याचं शोषण अडवतं. दर १ मिग्रॅ तांब्याला ८ ते १५ मिग्रॅ जस्त, त्यापुढे नको. दोन्ही रक्तात मोजून घ्या.

बी१२ ची नेहमीची मात्रा तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षाचा अहवाल चांगला आला तरी गोळी थांबवू नये. आकडा काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासा, बी१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही बी१२ कमी करते. आणि नुसतं फॉलिक आम्ल घेऊन रक्त सुधारलं तरी नसांचं नुकसान चालूच राहतं.

केतकी_
केसांवरून आठवलं. केसांसाठी जास्त डोसाचं बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद करा आणि प्रयोगशाळेला सांगा. काही चाचणी पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं. मग थायरॉइडची गोळी विनाकारण कमी केली जाते आणि खरा थकवा तिथून सुरू होतो.

तिन्हीसांज
लोह सुरू केल्यावर फरक किती दिवसांत कळायला हवा? आणि गोळीने नाहीच जमलं तर?

उत्तरा
गोळी लागू पडत असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ने तरी वाढायला हवं. फेरिटिन भरायला तीन महिने आणि पुढे. रोजची गोळी पोटाला झेपत नसेल तर एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. एका डोसनंतर यकृतातून सुटणारं हेप्सिडिन सुमारे दिवसभर पुढचं शोषण अडवतं, त्यामुळे एकाआड दिवस घेऊन दर डोसमागे जास्त लोह आत जाऊ शकतं.

चार ते आठ आठवड्यांत आकडा हललाच नाही, वेळा पाळूनही, तर शिरेतून लोह देतात. त्यातल्या फेरिक कार्बोक्सिमाल्टोजने काही जणांचं रक्तातलं फॉस्फेट उतरतं. सलाइननंतर थकवा वाढला, हाडं-स्नायू दुखू लागले तर फॉस्फेट तपासायला सांगा, पुन्हा लोह मागू नका. आणि फेरिटिन जागेवर आल्यावरही रोजचा ४५ ते ६० मिग्रॅचा डोस चालूच ठेवायचा. आतड्याचा रस्ता बदललेलाच राहतो.